मॅनेजर गेला, आपण उरलो

खरं सांगू? १९ मे २०२४ च्या रात्री मी टीव्हीसमोर रडलो, ते युर्गेन क्लॉपसाठी नव्हतं. रूममेटला मात्र मी तसंच सांगितलं. 'अरे, नऊ वर्षं होत आली होती रे... माणूस चालला...' वगैरे. तोही बिचारा लिव्हरपूलवाला, त्यानं मुकाट्यानं चहा टाकला.

भानगड अशी होती, की दोनच दिवस आधी, शुक्रवारी, हिंजवडीतल्या आमच्या कॅन्टीनमध्ये असाच एक निरोप समारंभ झाला होता. केक, समोसे, सगळ्यांच्या सह्यांचं एक मोठं कार्ड, आणि त्या कार्डवर सगळ्यात मोठी सही माझी! कारण निघालेले सर माझे 'सर' होते. पाच वर्षं मी त्यांचा उजवा हात. आमची टीम अकरा जणांची (योगायोग, दुसरं काय!) आणि त्यातला कॅप्टन मी, असं निदान मला वाटायचं.

क्लॉपनं जानेवारीतच जाहीर केलं होतं, की या सीझननंतर मी थांबतोय. चार महिने वेळ दिला सगळ्यांना. आणि शेवटच्या दिवशी त्या माणसानं काय करावं? अॅनफिल्डच्या मैदानात उभा राहून त्यानं आपल्या जागी येणाऱ्या आर्ने स्लॉटच्या नावाचं गाणं स्वतः म्हटलं आणि पब्लिककडूनही म्हणवून घेतलं. आमच्या सरांनी नोटीस पीरियडमध्ये उरलेल्या सुट्ट्या संपवल्या, आणि केक कापताना पुढे कोण येणार याबद्दल चकार शब्द काढला नाही. जाताना टीममधल्या दोघांना बाणेरच्या नव्या कंपनीत घेऊन गेले.

त्या दोघांत मी नव्हतो. आता कळलं ना, मी कशासाठी रडलो ते?

पावसाळ्यातला सीझन

फुटबॉलचं वेड असलेल्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. युरोपातला सीझन मेमध्ये संपतो, ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू होतो. मधल्या काळात मॅच नसते, असते ती फक्त उलथापालथ. कोण गेला, कोण आला, कोणाला काढला. तिकडे कडक उन्हाळा आणि इकडे आपल्याकडे धो धो पाऊस. त्यामुळे 'नवा मॅनेजर' म्हटलं, की मला वाकडच्या पुलावर तुंबलेलं ट्रॅफिक, गळकी जर्किन आणि मोबाइलवरच्या ब्रेकिंग न्यूजच आठवतात.

त्या २०२४ च्या पावसाळ्यात तर नुसती पळापळ होती. लिव्हरपूलला क्लॉप जाऊन स्लॉट, चेल्सीला पोचेटिनो जाऊन मारेस्का, बार्सिलोनाला चावी जाऊन फ्लिक, बायर्नला टुकेल जाऊन कोंपनी. आणि आमच्याकडे सर जाऊन मॅडम. तीन जून, सोमवार. चेन्नईहून आल्या होत्या. मराठी शून्य, फुटबॉल त्याहून शून्य.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी दोन गोष्टी केल्या. सरांची संध्याकाळी साडेसहाची मीटिंग सकाळी दहाला आणली. आणि टीममधल्या प्रत्येकाला एकेकटं बोलावून एकच प्रश्न विचारला, 'तुम्ही नक्की काय करता?'

पाच वर्षं काम केल्यावर हा प्रश्न! मी फणफणत बाहेर आलो आणि कॉफी मशिनजवळ जाहीर करून टाकलं, 'ही बाई म्हणजे ब्रायन क्लफ आहे.' कोणालाच कळलं नाही. म्हणून इथे नीट सांगतो.

पदकं कचऱ्याच्या डब्यात

साल १९७४. इंग्लंडमध्ये लीड्स युनायटेड हा त्या वर्षीचा लीग विजेता संघ. १३ वर्षं तो सांभाळणारे डॉन रेव्ही देशाच्या संघाचे मॅनेजर होऊन गेले. खेळाडूंचा हा बापमाणूस. त्यांच्या जागी क्लबनं आणलं कोणाला, तर ब्रायन क्लफला, जो गेली कित्येक वर्षं पेपरांतून आणि टीव्हीवरून लीड्सच्या धसमुसळ्या खेळावर जाहीर टीका करत होता. त्यातून क्लफ आला एकटा. त्याचा कायमचा जोडीदार पीटर टेलर ब्रायटनलाच राहिला.

आल्या आल्या त्यानं खेळाडूंना सांगितलं, की तुमची पदकं कचऱ्याच्या डब्यात टाका, कारण एकही तुम्ही सचोटीनं जिंकलेलं नाही. त्या खोलीत बसलेल्या अनेकांनी नंतर हा किस्सा सांगितलाय. विचार करा, तुम्ही टार्गेट गाठून, बोनस घेऊन बसलाय आणि नवा बॉस पहिल्या मीटिंगमध्ये असं म्हणतो! पुढचं अपेक्षितच होतं. लीगच्या सहा मॅचमध्ये एक विजय, आणि १२ सप्टेंबरला क्लफ घरी. एकूण मुक्काम ४४ दिवस. २००९ मध्ये यावर 'द डॅम्ड युनायटेड' नावाचा सिनेमाही आला.

पण गंमत बघा, हाच क्लफ पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्ट या साध्यासुध्या क्लबला घेऊन १९७९ आणि १९८० असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप जिंकला. म्हणजे माणूस नालायक नव्हता. मग लीड्समध्ये चूक फक्त त्याचीच होती का? खेळाडूही रेव्हींच्या आठवणी उराशी धरून हाताची घडी घालून बसले होतेच की. वर्षानुवर्षं मी हा किस्सा क्लफच्या मूर्खपणाचा म्हणून सांगत आलो. जून २०२४ मध्ये पहिल्यांदा मला त्यातले खेळाडू दिसले. आणि ते माझ्यासारखे दिसले.

आता माझं पदक काय होतं ते सांगतो. दर सोमवारी मी एक रिपोर्ट बनवायचो. चौदा शीट्स, रंगीत ग्राफ, सगळं. सरांनी सुरू केलेला, मी सजवलेला. रविवारची संध्याकाळ त्यात जायची. मॅडमनी तिसऱ्या आठवड्यात शांतपणे सांगितलं, 'हा बंद करा.' मी कारण विचारलं. त्यांनी तिन्ही क्लायंटना विचारून पाहिलं होतं, दोन वर्षांत एकानंही तो उघडला नव्हता.

डब्यात टाका म्हणाल्या नाहीत, एवढंच.

मेलवूडला जाणारा म्हातारा

याच १९७४ च्या उन्हाळ्यात, लीड्सपासून फार लांब नसलेल्या लिव्हरपूलमध्ये आणखी एक बदल झाला. त्याचा सिनेमा झाला नाही, पण मला तो जास्त लागतो. १५ वर्षं क्लब उभा करणारे बिल शँकली, मे महिन्यात एफए कप जिंकून, जुलैत अचानक राजीनामा देऊन मोकळे झाले. क्लबनं बाहेरून कोणी आणला नाही. त्यांच्याच हाताखालच्या बॉब पेस्लीला खुर्चीत बसवलं. आधी खेळाडू, मग फिजिओ, मग कोच, असा १९३९ पासून क्लबमध्ये असलेला हा कमी बोलणारा माणूस. त्याला हे पद नकोच होतं आणि तसं त्यानं खेळाडूंना सांगूनही टाकलं.

शँकलींना मात्र घरी बसवेना. ते रोज सकाळी मेलवूडला, म्हणजे क्लबच्या सरावाच्या मैदानावर, हजर. घाम गाळायचे, खेळाडूंशी गप्पा मारायचे. खेळाडू सवयीनं त्यांना 'बॉस' म्हणायचे आणि खऱ्या बॉसला 'बॉब'! पेस्लीची काय अवस्था झाली असेल? ज्या माणसानं शिकवलं त्यालाच 'येऊ नका' कसं म्हणायचं? शेवटी क्लबकडून तसं सुचवलं गेलं. शँकली दुखावले आणि जवळच्याच एव्हर्टनच्या मैदानावर जाऊन व्यायाम करू लागले. पेस्लीनं पुढच्या नऊ वर्षांत सहा लीग आणि तीन युरोपियन कप जिंकले. पण त्या पहिल्या काही महिन्यांत मेलवूडवर दोन बॉस होते, आणि कोणाला काय म्हणायचं हे कोणालाच कळत नव्हतं.

मला हे लागतं, कारण आमच्या ऑफिसात शँकली येत नव्हता, मीच त्याच्याकडे जात होतो. रोज. वाकडच्या पुलावर गाडी अडकली, की हेडफोन लावून सरांना फोन. 'सर, आज काय झालं माहितीये? मॅडमनी अमुक बंद केलं. मॅडमना तमुक कळत नाही.' सरही ऐकायचे, हसायचे, 'काय सांगतोस!' म्हणायचे. मला बरं वाटायचं. दुसऱ्या दिवशी दहाच्या मीटिंगमध्ये मी हाताची घडी घालून बसायला मोकळा.

हे चाललं जुलैअखेरपर्यंत. मग एका संध्याकाळी सर म्हणाले, 'अरे, एक सांगू? आता मला नको सांगत जाऊस. मलाही इथे नवीन बॉस आहे. साडेसात झाले तरी मी अजून जागेवरच बसलोय.'

मी सॉरी म्हणून फोन ठेवला. पूल उतरेपर्यंत गाणंही लावलं नाही.

बरोबर कोणाला नेलं?

सरांनी दोघांना नेलं, मला नाही, ही सल मात्र गेली नव्हती. लोक म्हणतात, 'बॉस जाताना आपली माणसं नेतो, त्यात काय!' बरोबर आहे, फुटबॉलमध्येही हेच चालतं. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. एफसी गोवाचा स्पॅनिश कोच सर्जिओ लोबेरा. २०२० च्या सुरुवातीला, संघ टेबलमध्ये आघाडीवर असताना, क्लबनं त्याला काढलं. (का काढलं यावर गोव्यातल्या कुठल्याही टपरीवर अजून तासभर वाद होऊ शकतो.) मग तो मुंबई सिटीला आला आणि पाठोपाठ गोव्याची अर्धी ताकद आली. मुर्तादा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बूमूस आणि गोव्याचाच पोरगा, माजी कर्णधार मंदार राव देसाई. कोविडमुळे तो सगळा मोसम गोव्यातच, रिकाम्या स्टेडियममध्ये झाला. सेमीफायनलला मुंबईनं गोव्यालाच पेनल्टी शूटआउटवर हरवलं आणि आधीच जिंकलेल्या लीग शील्डपाठोपाठ ट्रॉफीही जिंकली. आपलाच जुना बॉस, आपलेच जुने मित्र, आपल्याच मैदानावर!

सगळ्यांनी लोबेराचं कौतुक केलं. मी मात्र नंतर शोधत बसलो ती न नेलेल्यांची नावं. एदू बेदिया. ब्रँडन फर्नांडिस. हे गोव्यातच राहिले. नवा कोच आला हुआन फेरांदो, बेदियाला कर्णधार केलं. आणि एप्रिल २०२१ मध्ये गोवा एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळली, तिथवर पोचलेला पहिला भारतीय क्लब. तिकीट मिळालं होतं आदल्या मोसमाच्या जोरावर, म्हणजे लोबेराच्याही घामाचं. पण इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध त्या स्पर्धेतला भारतीय क्लबचा पहिला गोल मारला बेदियानं. मॅच हरले, १-२. पण गोल त्याचा.

मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार बघत वाढलो. आमच्याकडे पोरगा ज्या पेठेत जन्मतो त्या पेठेच्या तालमीचा होतो, विषय संपला. कोच कोण आहे हे विचारतंय कोण? एकदा घरी सरांचं दुःख उगाळत बसलो होतो, तर वडील पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, 'तू तालमीचा आहेस का वस्तादाचा?' मी म्हटलं, कंपनीला तालीम म्हणता का तुम्ही? ते म्हणाले, 'मग टीमला म्हण.' माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं.

पंच्याऐंशीव्या मिनिटाचा माणूस

नव्या मॅनेजरनं काय करावं याचा काही फॉर्म्युला आहे का? मी बरंच डोकं खाजवलं. डेव्हिड मोयेस २०१३ मध्ये मँचेस्टर युनायटेडला सर अॅलेक्स फर्ग्युसनच्या जागी आला, सहा वर्षांच्या करारावर, खुद्द फर्ग्युसननंच निवडलेला. त्यानं फर्ग्युसनचे कोचेस सोडले आणि एव्हर्टनहून स्वतःचे आणले. दहा महिन्यांत नारळ. क्लाउडिओ रानिएरी जुलै २०१५ मध्ये लेस्टरला आला, सीझन सुरू व्हायला चार आठवडेही नव्हते. त्यानं आधीच्या मॅनेजरचे स्टीव्ह वॉल्श आणि क्रेग शेक्सपियर तसेच ठेवले, गोल न खाता जिंकलात तर पिझ्झा म्हणाला, आणि पाच हजारास एक असा भाव असलेला संघ लीग जिंकला! म्हणजे जुनी माणसं ठेवावीत, असं ठरवणार तोच फेब्रुवारी २०१७ मध्ये रानिएरीलाही काढलं. त्याच्या जागी कोण? तोच ठेवलेला शेक्सपियर. आता बोला.

स्लॉटचं मी रोज वाचत होतो. त्यानं खरेदी जवळपास केलीच नाही. त्या मोसमात खेळायला आलेला नवा माणूस एकच, किएझा. मधल्या फळीसाठी स्पेनचा झुबिमेंडी हवा होता, तो आला नाही. मग घरातल्याच रायन ग्राव्हेनबर्खला तिथे उभं केलं. क्लॉपच्या शेवटच्या मोसमात हा पोरगा बराच वेळ बाकावर होता. स्लॉटकडे तो जवळपास प्रत्येक मॅचला पहिल्या अकरात. आणि क्लॉपकडे त्या जागी नेमानं खेळणारा जपानचा वातारू एन्डो? तो बाकावर. अख्ख्या लीग मोसमात पहिल्यापासून फक्त एक मॅच. बाकी वेळा संघ पुढे असला, की शेवटची पाच-दहा मिनिटं दार लावून घ्यायला मैदानात.

आमच्याकडचा ग्राव्हेनबर्ख म्हणजे एक मुलगी होती. माझ्याहून तीन वर्षांनी ज्युनियर, सांगलीची, मला 'दादा' म्हणायची. मीटिंगमध्ये तोंड उघडायची नाही. मॅडमनी ऑगस्टमध्ये सगळ्यात मोठ्या क्लायंटचं काम तिला दिलं. माझं काम! पहिलं प्रेझेंटेशन तिनं इतकं झकास केलं, की क्लायंटनं कॉलवर विचारलं, 'तुम्ही इतके दिवस कुठे होतात?'

ती काही बोलली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. पण कुठे होती ते मला माहीत होतं. दोन वर्षं तिच्या स्लाइड्स मी वाचून दाखवत होतो. 'तुला अजून क्लायंटची सवय नाही' असं सांगून. सरांनी बसवलं नव्हतं तिला बाकावर, मी बसवलं होतं. सरांना तर ती स्लाइड्स बनवते हेही ठाऊक नव्हतं, कारण मी कधी सांगितलंच नाही.

त्या रात्री कोणालाच फोन केला नाही. कोणाला करणार?

मग मी एन्डो झालो. मुकाट्यानं. रात्री अकराला सर्व्हर बसला, की मॅडम मला कॉलवर घ्यायच्या, कारण जुन्या सिस्टिमचे खाचखळगे माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हते. पाच-दहा मिनिटांचं काम, दार लावून घ्यायचं. सुरुवातीला कमीपणा वाटायचा. मग एन्डोला बघायचो. मैदानात येताना तो धावत यायचा, रुसलेला नवरदेव असल्यासारखा नाही. २७ एप्रिल २०२५ ला लिव्हरपूलनं टॉटनहॅमला ५-१ हरवून लीग जिंकली, चार मॅच बाकी ठेवून. पदक एन्डोलाही मिळालं. रूममेट नाचत होता, मी चहा टाकला.

आणि मे महिन्यात मॅडमनी सांगितलं, की त्या चेन्नईला परत चालल्यात. घरची अडचण होती. पुन्हा कॅन्टीन, पुन्हा केक, पुन्हा समोसे, पुन्हा ते मोठं कार्ड. सही करायला मी पेन उचललं आणि लक्षात आलं, की या वेळी मला खरंच काहीतरी लिहायचंय. 'तो रिपोर्ट बंद केल्याबद्दल थँक्स' एवढंच लिहिलं. त्यांनी वाचलं आणि जोरात हसल्या.

केक कापण्याआधी त्यांनी पुढचं नाव सांगितलं. बाहेरून कोणी येणार नव्हतं. सांगलीचीच!

टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. नंतर ती हातात समोशाची प्लेट घेऊन माझ्या डेस्कशी आली. वर्षभरात पहिल्यांदाच जरा चाचरत म्हणाली, 'दादा, सोमवारची मीटिंग दहालाच ठेवू ना?'

'तुम्ही म्हणाल तशी,' माझ्या तोंडातून निघून गेलं.

'तुम्ही काय, दादा!' ती हसली. मग प्लेट पुढे केली. एकच समोसा उरला होता, आम्ही अर्धा अर्धा केला.